मागचं काढून द्या

स्टुडिओच्या संगणकात ‘धडं’ नावाचा एक कप्पा होता. नाव ऐकून घाबरू नका. ज्यांना कोटातला फोटो हवा असतो पण कोट नसतो, अशा लोकांची ती सोय होती. आत बिनडोक्याची माणसं ओळीनं उभी होती: पुरुष एक, पुरुष दोन, पुरुष जाड, बाई एक. गिऱ्हाइकाचा फोटो घ्यायचा, डोकं कापायचं, हव्या त्या धडावर बसवायचं, मानेखाली थोडी सावली द्यायची की झालं. त्या रस्त्यावरच्या निम्म्या पुरुषांनी नोकरीच्या अर्जावर एकच राखाडी कोट घातलेला होता, आणि एकाचाही दुसऱ्यावर संशय नव्हता.

ही सगळी कापाकापी करायची स्टुडिओवाल्यांची मुलगी. वय सोळा, शाळेच्या शेवटच्या वर्गात. घरीदारी सगळे तिला कात्री म्हणायचे. माणसामागची भिंत, दोरीवरचे कपडे, नकोसा झालेला मेहुणा, काहीही ती अशा सफाईनं काढून टाकायची की पुढच्या माणसाच्या केसाची एक बटसुद्धा तुटायची नाही. फोटो बाबा काढायचे. आई काउंटरवर बसून छापलेले फोटो कटरनं कापायची आणि पाकिटात भरायची. आई फार बोलायची नाही. बाबा म्हणायचे, आमच्या घरात बोलायचं खातं पोरीकडे आहे.

त्या शनिवारी शाळा लवकर सुटली. कात्रीनं दप्तर खुर्चीखाली ढकललं आणि कामाला बसली, तेवढ्यात काचेचं दार उघडून दोघं आत आले. पुढे बसवाले काका, ड्रायव्हरच्या वर्दीत. शाळेवरून जाणारी बस तेच चालवायचे, त्यामुळे पोरंसोरं त्यांना काकाच म्हणायची. मागे एक टापटीप बाई, हातात भलीमोठी पर्स. लग्नं जुळवून देणं हा त्यांचा उद्योग, आणि त्यांना सगळेच मावशी म्हणायचे, त्यांच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा.

काकांनी काउंटरवर शाळेचं ओळखपत्र ठेवलं.

“मागचं काढून द्या,” ते म्हणाले. “हा निळा पडदा जायला हवा. आणि खालची पट्टीपण.”

कात्रीनं कार्ड ओळखलं. ओळखणारच, दोन महिन्यांपूर्वी तिनंच ते बनवलं होतं. खालच्या पट्टीत नाव, इयत्ता आठवी, जन्मतारीख आणि उंची. वरच्या फोटोत काकांची थोरली मुलगी, जिला अख्खी शाळा शिट्टी म्हणायची. पुढच्या दोन दातांत फट होती आणि त्या फटीतून ती अशी शिट्टी मारायची की खेळाचे सर आपली शिट्टी घरी विसरायला लागले होते. कार्डासाठी तिला तोंड मिटायला सांगितलं होतं. मिटलं होतं तिनं, पण हसू कधी फुटेल याचा नेम नव्हता.

“कशाला हवाय काका? शाळेत तर हाच चालतो.”

काकांनी मावशींकडे बघितलं. मावशी गोड हसल्या. “शाळेला नको गं बाळ. स्थळाला पाठवायचाय.”

आईच्या हातातला कटर कागदावर थांबला.

मावशींनी फोन पुढे केला. पांढऱ्या गाडीला टेकून एक गृहस्थ उभे होते. पॉलिश केलेले बूट, विरळ केस, खिशाला पेन. “हा मुलगा. चौतीसचा. उंची बघ, पाच फूट अकरा. स्वतःचा कारखाना, लांबच्या शहरात. त्यांच्याकडच्या मोठ्यांना छापील फोटो लागतो. मुलीच्या अंगावर जरा बाईमाणसासारखे कपडे घाल आणि दोघांना शेजारी उभं कर. जोडी कशी दिसते ते बघूनच ते शब्द देणार. माझी पाचची गाडी आहे.”

“पण ती आठवीत आहे,” कात्री म्हणाली.

“म्हणून तर तुझ्याकडे आलो,” मावशी म्हणाल्या.

“त्या माणसाला माहितेय तिचं वय?”

“एकोणीस सांगितलंय. त्याला फोटो दिसेल तेवढं कळेल.”

काका घाईघाईनं मध्ये पडले. “तीन पोरी आहेत गं मला. ही थोरली. असं घर आज दारात आलंय, उद्या येईल का? आणि ते पुढे शिकवणार आहेत तिला. शब्द दिलाय.”

“कुणी दिलाय?”

“मावशींनी.”

बाबा आतून पडदा सारून आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काकांच्या बसनं ते रोज यायचे-जायचे, काकांना नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. “बसा दादा, होईल,” ते म्हणाले आणि कात्रीच्या कानाशी वाकले. “आपण फोटो करतो, लग्न लावत नाही. कर पटकन.”

इथे खरं तेच सांगायला हवं. कात्रीनं केलं. मनात काहूर होतं, पण हाताला कामाची सवय होती आणि बाबांचा शब्द होता. निळा पडदा गेला. जन्मतारखेची पट्टी गेली. दप्तराचा पट्टा, बिल्ला, गणवेशाची कॉलर, एकेक करून सगळी शाळा तिनं शिट्टीच्या अंगावरून सोलून काढली. मग ‘बाई एक’ उघडलं. बंद गळ्याचा गडद पोशाख, लांब बाह्या, गुडघ्यापर्यंतच फोटो. एरवी अर्जाच्या फोटोत त्यातले नुसते खांदेच छापले जायचे. ते धड फारसं तिच्या आवडीचं नव्हतं. बाह्या बोटांवर आलेल्या, नखंच काय ती दिसायची. जुनी फॅशन असेल, असं तिला वाटायचं. तिनं डोकं ठेवलं, मान जुळवली, सावली दिली.

आणि शिट्टी एकोणीस वर्षांची झाली. मिटल्या तोंडातलं ते हसू आता लाजणं वाटायला लागलं. काम इतकं उत्तम झालं होतं की कात्रीला ते बघवेना.

“वा,” मावशी तिच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. “आता त्याच्या शेजारी घे. जरा वर घे तिला. अजून. डोकं खांद्याला लागलं पाहिजे.”

कात्रीनं शिट्टीला कोपऱ्यात धरून ताणलं. घड्याळात सव्वाचार झाले होते. काका खुर्चीच्या कडेवर बसून टोपी गुडघ्यावर फिरवत होते. संगणकाच्या पडद्याकडे ते एकदाही बघत नव्हते.

बघितलं ते आईनं. ती काउंटर सोडून आली, कात्रीच्या खुर्चीला धरून उभी राहिली.

“हे धड बाईचं नाही,” ती म्हणाली.

“अगं आई, ‘बाई एक’ आहे ते.”

“माझं आहे. मी चौदाची होते.”

कात्रीनं वळून आईकडे बघितलं.

“कपडे ताईचे होते,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. पाकिटावर नाव लिहावं तशी ती एकेक गोष्ट सांगत होती. “मागे अकरा पिना लावल्या होत्या. एक पाठीत टोचत होती, पण हलायचं नाही म्हणाले. पुढे टॉवेल कोंबला होता. बाह्या लांब होत्या, त्या तशाच राहिल्या. पायाखाली साबणाचं खोकं होतं. ते दिसू नये म्हणून फोटो गुडघ्याशी संपतो.” मग ती बाबांकडे वळली. “तुम्हाला पाठवला होता ना तो? तुम्ही हो म्हणालात.”

बाबांनी चष्मा काढला. संगणक नवीन घेतला तेव्हा बाईचा एक नीटनेटका फोटो हवा होता म्हणून त्यांनीच तो कपाटातून काढला होता, त्यांनीच डोकं पुसलं होतं. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

“मला वाटलं, मुलगी वीस-बावीसची असेल,” ते म्हणाले. “लग्नाच्या दिवशी दिसलीस तू. खोक्याशिवाय.”

“मग?”

बाबा चष्म्याची काच शर्टाला पुसत राहिले. “मग काय. पाहुणे जमले होते.”

कात्रीला वाटलं, इथेच संपेल. पण आईचं बोलणं आज इतक्या वर्षांनी सुरू झालं होतं. “पंधराव्या वर्षी मला पहिलं बाळ झालं. दोन दिवस जगलं. डॉक्टरीणबाई तुमच्या तोंडावर म्हणाल्या होत्या, ही पोर स्वतःच अजून वाढतेय. तुम्ही घरी आलात आणि म्हणालात, हे कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. हिलासुद्धा नाही.”

आपल्याआधी या घरात कुणी येऊन गेलं होतं, हे कात्रीला त्या क्षणी कळलं.

मावशींनी पर्सची चेन ओढली. “जुनं कशाला उकरायचं वहिनी? झालाच ना तुमचा संसार? सोन्यासारखी पोर आहे.”

“झाला,” आई म्हणाली. “ते माझं नशीब. त्याचं धड करून तुम्ही दुसऱ्यांच्या पोरींच्या मानेखाली लावू नका.”

“बरं. पलीकडच्या चौकात दुसरा स्टुडिओ आहे, तिथे असली भाषणं नसतात. चला दादा, उठा.”

काका उठले. तेच तर भय होतं. इथे नाही म्हटलं तरी दोनशे पावलांवर कुणीतरी हो म्हणणार होतं, आणि पाचच्या गाडीतून शिट्टी एकोणीस वर्षांची होऊन निघून जाणार होती.

“थांबा काका,” कात्री म्हणाली. “जोडीचाच फोटो हवाय ना? देते. पाच मिनिटं.”

बाबांनी तिला अडवलं नाही.

तिनं ‘बाई एक’ काढून टाकलं. शाळेचे सगळे फोटो याच स्टुडिओत असायचे. तिनं आठवीचा खेळाच्या दिवसाचा फोटो उघडला. त्यात शिट्टी पायापर्यंत होती. एका बुटाची नाडी सुटलेली, गुडघ्याला धूळ, तोंड उघडं, दातांतली फट उघडी. तिनं तिला बाजूच्या मुलींमधून कापून काढलं आणि पांढऱ्या गाडीजवळच्या गृहस्थांशेजारी ठेवलं. मग ओळखपत्राची पट्टी समोर धरली. उंची चार फूट सहा इंच. मावशींनी सांगितलेली पाच फूट अकरा. तिनं मोजपट्टी लावून दोघांना बरोब्बर मापात उभं केलं. कमी नाही, जास्त नाही. सावलीसुद्धा एकाच बाजूला पाडली, कारण काम म्हटलं की ते नीटच व्हायला हवं.

प्रिंटर घरघरला. तिनं फोटो काकांच्या हातात दिला.

“ही तुम्हाला घरात रोज दिसते तशीच आहे,” ती म्हणाली. “यात मी काहीच वाढवलेलं नाही.”

काकांनी पहिल्यांदा नीट बघितलं. शिट्टीचं डोकं त्या माणसाच्या खिशातल्या पेनापर्यंत पोचत होतं. ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती आणि तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता.

“हा हात कुणाचा?” काकांनी विचारलं. शिट्टीच्या खांद्यावर चार बोटं होती.

“तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचा. राहिला. काढू का?”

मावशी दारापाशी चुळबुळत होत्या. चार चाळीस. टोपी काकांच्या हातून खाली पडली तरी त्यांनी उचलली नाही.

“काढू का काका?”

“नको,” ते म्हणाले. “राहू दे.”

“दादा, उशीर होतोय,” मावशी म्हणाल्या.

“तुम्ही निघा मावशी. गाडी चुकेल.” ते फोटोवरून नजर न काढता बोलत होते. “माझ्याच बसमध्ये कंडक्टर अजून तिला अर्धं तिकीट देतो. वय विचारत नाही. बघतो आणि अर्धं फाडतो. आणि मी, बाप असून...” त्यांनी वाकून टोपी उचलली.

“तीन आहेत पोरी, लक्षात ठेवा,” मावशी म्हणाल्या आणि गेल्या. काचेतून दिसलं, त्या बसथांब्याकडे न वळता चौकाकडे वळल्या. त्यांच्या पर्समध्ये काही एकाच घरचं कार्ड नव्हतं.

कात्रीनं ते पाहिलं आणि फोन उचलला. शाळेच्या बाईंचा नंबर तिला पाठ होता. तिनं मावशींचं सगळं सांगितलं, अडखळत, पण सगळं.

सोमवारी शाळेआधी शिट्टी दारात आली. “कात्रीताई, माझं कार्ड इथे राहिलंय म्हणे. बाबांनी कशाला आणलं होतं?”

“फोटो बघायला,” आईनं सांगितलं, आणि कार्ड तिच्या गळ्यात घालून पट्टा सरळ केला. शिट्टी पायरी उतरली आणि रस्ताभर ऐकू जाईल अशी एक शिट्टी ठोकून पळाली.

बाबा संगणकासमोर येऊन बसले. “कात्री, एखादी फाईल कायमची कशी काढतात?” तिनं दाखवलं. ‘बाई एक’ वर बोट ठेवून ते थांबले, बायकोकडे बघितलं. तिनं होकारार्थी मान हलवली. त्यांनी बटण दाबलं.

“आता माझा एक फोटो काढा,” आई म्हणाली.

बाबांनी दिवे लावले आणि सवयीनं बुटक्या गिऱ्हाइकांचा लाकडी ठोकळा पायानं पुढे सरकवला. आईनं तो पायानंच बाजूला केला.

“जमिनीवर उभी राहते. पाय आले पाहिजेत.”

तो फोटो आता दर्शनी काचेत लावलाय. मागचं काहीच काढलेलं नाही. पाकिटांचा ढीग दिसतो, कटर दिसतो, खुर्चीखालचं दप्तर दिसतं. एखादा बाप ओळखपत्र घेऊन आला आणि “मागचं काढून द्या” म्हणाला, की आई त्याला आधी तो फोटो दाखवते. मग वही पुढे ओढते आणि विचारते, “पोरीची उंची किती?”