लोमुरियाचा जबडा

प्लास्टरच्या जबड्यातली तिसरी दाढ कोपऱ्यात टवकली आहे आणि तिथून आतला पांढरा चुना दिसतोय – म्हणजे हा वीस लाख वर्षांचा तपकिरी रंग नुसता वरून फासलेला... नाबेन्योने त्यावरून अंगठा फिरवला. खरं जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही, ती पाच वर्षांची असताना आपाने, म्हणजे बापाने, तळहातावर दोन खडे ठेवून म्हटलं होतं, "चाट. कुठला जीभ धरतो सांग." पण हा चुना, हाही चिकटेल. खोटंही जिभेला चिकटतं, हे काही आपाने शिकवलं नव्हतं.

"काय गं, घरी नेतेस की काय?" मागच्या बाकावरून अकुवाम ओरडली. "ने ने! लोमुरियाला एकदाचा जबडा सापडला म्हणून सांग!"

वर्गात हशा फुटला. नाबेन्योही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, कारण हल्ली तिला तसं जमतं. "त्यापेक्षा तुझाच नेते. इतका झिजलेला नमुना अख्ख्या तुर्कानात मिळायचा नाही."

लोमुरिया म्हणजे माझा बाप. पण आता ते माणसाचं नाव राहिलेलं नाही. तुर्काना सरोवरावर कुणी मासा हातभर लांब होता म्हणालं, की ऐकणारा डोळा मारतो – हो हो, लोमुरियाचा जबडा! परक्या गावचे लोकसुद्धा म्हणतात, ज्यांना लोमुरिया नावाचा माणूस आहे हेही ठाऊक नाही.

"पुरे!" मुथोनी मॅडमनी जबडा काढून खोक्यात ठेवला. "नाबेन्यो, पालक जमायला लागलेत. दुपारी भाषणात शब्द गिळू नकोस. आणि शेवटी हसायचं."

हसायचं. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ती हसली होती आणि पहिली आली होती. तेव्हापासून आरशातसुद्धा तिची मान ताठ दिसते. पहिलं वाक्य तर तिला स्वतःलाच भारी आवडतं – 'जगातला प्रत्येक माणूस कधी ना कधी आमच्या अंगणातून चालत गेला आहे.' टाळ्या. गेले खरे सगळे, चालत, दूर, आणि आता विमानाने परत येतात, आपल्या पणज्याच्या पणज्याची कवटी बघायला. आम्ही मात्र पाण्याचे डबे घेऊन तिथेच उभे... हे भाषणात नाही. भाषणात नसलेलं आणखी एक पान तिच्या खिशात आहे. चार ओळींचं. आज ती ते वाचणार आहे, या सगळ्या हसणाऱ्यांच्या तोंडावर. बापाचं नाव बापाला परत.

फक्त आधी त्याला सांगायला हवं.

तीन दगड. आमच्याकडे तीन दगड एकत्र म्हणजे चूल, दुसरा अर्थच नाही. नऊ वर्षांची होते, शेळ्या मागे होत्या, डब्यात चहाची पूड होती, आणि त्या उतारावर, जिथे नुसती खडी, एक धड दगड सापडत नाही, तिथे तीन चपटे दगड – कुणीतरी माझ्यासाठीच मांडून ठेवल्यासारखे! सावली होती पार खालच्या बाभळीची, म्हणून तीन खेपा करून तिथे नेले. किती आनंद झाला होता... हाच, हाच आनंद अजून आठवतो, याचीच चीड येते.

आपा तेव्हा हाडं शोधणाऱ्या छावणीत होता. त्याचं काम बघायचं, फक्त बघायचं. दिसलेलं उचलायचं नाही, खूण करायची आणि मोठ्या साहेबांना आणायचं, कारण जागा गेली की हाडाला किंमत नाही. दोन दाढांचा जबडा त्याला दिसला होता. खाली कोरड्या नदीतून तीन दगड वाहून आणून त्याने खूण केली होती. साहेब तिसऱ्या दिवशी आले. दगड नाहीत. मधल्या रात्री पाऊस झालेला, उतार शेळ्यांनी तुडवलेला – आमच्याच. चार दिवस सगळी छावणी जबडा शोधत गुडघ्यांवर रांगली. पाचव्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदा हसलं. पुढच्या वर्षी त्याला बोलावणं आलं नाही. आणि मी... मी पाणी भरत होते, शेण गोळा करत होते, पाढे म्हणत होते.

पटांगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पण आपा कडेच्या एका बाभळीखाली आपल्या लाकडी बैठकीवर बसला होता – वीतभर उंचीची ती बैठक तो कुठेही बरोबर नेतो – डोक्यावर छावणीची विटलेली टोपी. ही टोपी तरी घालून यायची नव्हती! ताटलीतला मका-घेवडा तो एकेक दाणा बघून खात होता.

"ये गं, वक्त्या बाई. घसा कोरडा नाही ना?"

"आपा, एक सांगायचंय." तिने सगळं पाठ केलं होतं. निघालं ते वेगळंच. "ते तीन दगड मी नेले होते. चुलीला."

त्याने घेवड्याचा एक दाणा बाजूला काढला. किडका असावा.

"माहीत आहे."

"...कधीपासून?"

"तेव्हाच. पाचव्या दिवशी उताराखालच्या बाभळीशी दिसले. माझेच दगड, काजळी धरलेले. शेजारी तुझा डबा."

"मग बोलला का नाहीत? लोक हसत होते तुम्हाला! अजून हसतात!"

"लोकांना काय सांगू? पोरीवर ढकललं म्हणाले असते."

"मला तरी! मला तरी म्हणायचं!"

तो तिच्याकडे बघू लागला, उताराकडे बघावं तसं, डोळे बारीक करून, घाई नसलेलं बघणं. "आपण खणत नाही, नाबेन्यो. खणलं की मोडतं. आपोआप वर येईपर्यंत थांबायचं." आणि मग, जवळजवळ अभिमानाने, "आलं ना."

आलं ना.

म्हणजे सात वर्षं... रोज संध्याकाळी हा माणूस माझ्यासमोर बसून दूध पीत होता आणि माझ्याभोवती फेऱ्या मारत होता, खूण न करता, न उचलता, पावसाची वाट बघत. मी झोपेत दचकायचे तेव्हा हा जागा असायचा. कूस बदलायचा. मला वाटायचं, त्याला काहीच माहीत नाही, आणि त्या वाटण्याखाली मी दबून – आणि त्याने एका शब्दाने... एका शब्दाने! तिला रडू यायला हवं होतं, निदान हलकं वाटायला हवं होतं. तिच्या डोळ्यांसमोर आला तो फक्त काजळी धरलेल्या दगडांशेजारी ती टोपी घालून उभा असलेला तो. तिथेच तो वळून मला हाक मारू शकला असता. शेळ्या फार लांब नव्हत्या.

"नाबेन्यो लोमुरिया!" कर्ण्यातून मुथोनी मॅडमचा आवाज. नावातला दुसरा शब्द ऐकून खुर्च्यांत कुणीतरी खुसखुसलं.

"जा," आपा म्हणाला. "शब्द गिळू नको."

ती गेली. हातात ध्वनिक्षेपक आला, गरम, कुणाच्या तरी घामाने ओला. खिशातलं पान मांडीला टोचत होतं. ते वाचलं तर त्याचं नाव सुटेल. आणि तो तिथे बसून पुन्हा तसंच म्हणेल – आलं ना. नाही वाचलं तर तो थांबेल. त्याला थांबता येतं.

"जगातला प्रत्येक माणूस..." ती म्हणाली, आणि उरलेलं वाक्य तिथेच होतं, तोंडात, पूर्ण, पण जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि ते हाड आहे की चुना हे तिला आता कळत नव्हतं.