एका घराचे दोन नंबर

मित्रांनो, तुम्ही दर शनिवारी मराठीच्या वर्गाला येता, भिंतीवर मला पाहता आणि हमखास विचारता, "ह्याच्यावर प्रत्येक घराला दोन-दोन नंबर का?" मीनलताई म्हणते, "नंतर सांगते हं," आणि बाराखडीला लागते. तिला ते सांगायला जड जातं, मला ठाऊक आहे. म्हणून आज मीच सांगतो. मी हाताने काढलेला एक जुना नकाशा आहे. माझ्या पाठीवर गुलाबी फुलं आहेत, कारण मुळात मी वॉलपेपरचा उरलेला तुकडा. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

मला काढलं कारेलकाकांनी, १९८३ साली, इथेच नॉटिंगहॅममध्ये, किचनच्या टेबलावर. ते चेक देशातले. तिथलं राज्य १९४८ मध्ये बदललं आणि ते इंग्लंडला निघून आले. तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवली, लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर हात रिकामे ठेववेनात, तेव्हा पेन्सिल घेऊन बसले आणि आठवेल तसं आपलं गाव माझ्यावर उतरवत गेले. पूर्ण दोन महिने लागले. पेन्सिल इतकी दाबून चालवायचे की मला वाटायचं, आता भोक पडतंय!

गावाचं नाव ओल्शिन्का. देशाच्या पूर्वेला डोंगर आहेत, त्यातल्या दोन सोंडांच्या मधल्या बेचक्यात हे गाव. मधून ओढा वाहतो. घरं त्रेचाळीस, सगळी लाकडाची, आणि एकाला एक लागून नाहीत. एक इथे उतारावर, तर दुसरं पार पलीकडच्या टेकाडावर. नोव्हेंबर ते एप्रिल बर्फ. उन्हाळ्यात मेंढ्या वरच्या कुरणात. प्लमची झाडं दारोदार, आणि ती फळं धुरावर सुकवायला एक वेगळी झोपडी. गावाला चर्च नव्हतं, नुसती खांबावर टांगलेली घंटा होती. घंटेजवळ दोन मोठी लिंडेनची झाडं आणि त्यांच्याखाली एक घर. ह्या घरावर कारेलकाकांचं बोट नेहमी थांबायचं. त्यांची धाकटी बहीण आन्ना १९४७ साली लग्न होऊन त्या घरात गेली होती.

पुढे परदेशातून आलेली पत्रं तिकडचं सरकार फोडायला लागलं. आन्नाच्या नवऱ्याला नोकरीत त्रास झाला. "आता लिहू नकोस," असं तिने कळवलं आणि कारेलकाकांनी लिहिणं थांबवलं. चाळीस वर्षं दोघांना एकमेकांची खबर नव्हती.

आता शेजाऱ्यांबद्दल सांगतो. शेजारी हरीशकाका आणि मधुमतीकाकू राहायचे. मीनलताई त्यांचीच मुलगी. हरीशकाका टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात कामाला होते. माणूस फार चांगला, पण टापटिपीची हौस भारी. १९८८ साली कारेलकाकांचे डोळे अधू व्हायला लागले आणि माझी पेन्सिलही पुसट झाली. त्यांनी मला हरीशकाकांकडे दिलं. दोघांचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मी ते मराठीत सांगतो.

"ह्याच्यावर शाईने गिरवून द्याल का?" कारेलकाका म्हणाले. "मला आता रेघ दिसत नाही."

"द्या हो, रविवारी बसतो."

रविवारी हरीशकाकांनी मला उलगडलं आणि कपाळाला हात लावला. बारा नंबरच्या शेजारी चौतीस, त्याच्या पलीकडे पाच! दिवसभर एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम नंबर लावणारा माणूस तो. त्याला ते बघवेना.

"मधू, बघ ना. कारेलकाकांचा पार गोंधळ झालाय."

"मग विचारून या ना," काकू म्हणाल्या.

"छे! म्हाताऱ्या माणसाला कशाला लाजवायचं? I'll just sort it out. त्यांना कळणारसुद्धा नाही."

त्यांनी खोडरबर घेतलं, माझे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस आकडे पुसले आणि निळ्या शाईने ओळीने नवे लिहिले. ओढ्याच्या अल्याड विषम, पल्याड सम. मी ओरडलो असतो, पण नकाशाला तोंड कुठे असतं? अहो, ओल्शिन्कात नंबर जागेवरून मिळतच नाही. जे घर आधी बांधलं त्याचा आकडा आधी, मग ते कुठल्याही टेकाडावर असो. माझे आकडे म्हणजे त्या गावाचा इतिहास होता. हरीशकाकांनी तो एका दुपारी, अगदी प्रेमाने, पुसून टाकला.

१९८९ च्या डिसेंबरात टीव्हीवर बातमी आली की तिकडची राजवट पडली, सीमा उघडल्या. कारेलकाका लहान मुलासारखे हसले. पण त्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की साधारण वर्षभरात त्यांना माणसांचे चेहरे दिसायचे बंद होतील, आणि ह्यावर उपाय नाही.

"डोळे जायच्या आत आन्नाचं तोंड बघायचंय," ते म्हणाले. "एवढंच."

पण गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच आणि आन्ना तर घरोघरी. पत्त्यात घराचा नंबर हाच काय तो आधार, आणि तो त्यांना आठवेना. मला काढताना त्यांनी तो लिहून ठेवला होता आणि मग निर्धास्त झाले होते. त्यांनी मीनलताईला बोलावलं. ती तेव्हा बारा वर्षांची.

"घंटेजवळ, दोन झाडांखालचं घर. नंबर काय आहे?"

"आठ," ती म्हणाली.

पत्र गेलं. पाच आठवड्यांनी ते तसंच परत आलं. पाकिटावर पोस्टमनने लिहिलं होतं की ह्या घरातली आन्ना १९८६ मध्ये वारली.

मधुमतीकाकूंनी दहा दिवस कारेलकाकांकडे डबा पोचवला. "सुतकाच्या घरात चूल पेटवायची नसते, कारेलकाका," त्या सांगायच्या, आणि ते मान खाली घालून पिठलं-भात खायचे. कारेलकाकांनी मला गुंडाळून कपाटामागे टाकलं. तिथे माझ्या कडा कुरतडल्या गेल्या, एका कोपऱ्याला ओल आली. पण खरं सांगू? त्या ओलीपेक्षा मला दुसरीच गोष्ट खात होती. खरं काय ते फक्त मला माहीत होतं.

असं वर्ष गेलं. १९९१ च्या मार्चमध्ये मीनलताईला शाळेत जॉग्रफीचा प्रोजेक्ट मिळाला, एका खेड्याबद्दल. तिने कारेलकाकांना विचारून मला बाहेर काढलं आणि चहाच्या वेळी आपल्या टेबलावर पसरलं. कारेलकाकांना आता मी दिसत नव्हतो. नुसता आकडा त्यांना आठवत नसे, पण आज ते पहिल्या घरापासून एकेक मोजत आठवणीतून सांगत होते.

"आठ नंबर म्हणजे पिठाची गिरणी. खाली, ओढ्याच्या अगदी काठावर. गिरणीवालीचं नावही आन्नाच होतं. फार तापट बाई!"

"नाही, आठ तर झाडांखाली आहे," मीनलताई म्हणाली. "सहाच्या शेजारी."

"सहाच्या शेजारी? अगं, सहा तर पलीकडच्या टेकाडावर आहे!"

हरीशकाकांचा कप हातातच राहिला. मीनलताईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा, तू नंबर चेंज केला?"

हरीशकाकांनी सगळं सांगितलं. कारेलकाकांनी टेबलावर जोरात मूठ आपटली. इतक्या वर्षांत त्यांना रागावलेलं मी प्रथमच पाहिलं.

"वारली ती गिरणीवाली, आणि मी वर्षभर माझ्या आन्नाला मेलेली समजलो!" ते म्हणाले. "वर्षभर! माझ्या डोळ्यांकडे वेळ होता तरी किती?"

थोड्या वेळाने कारेलकाकाच म्हणाले, "पेन घ्या. लाल घ्या. मी एक नंबरपासून सांगतो."

तीन रविवार दुपारी दोघं माझ्यासमोर बसले. एक नंबर रस्त्यावरची खानावळ, सगळ्यात जुनी. दोन नंबर म्हणजे मेंढपाळांच्या मुख्याचं घर. मग गिरणी आली, लोहार आला, आगीनंतर वरच्या उतारावर बांधलेली चार घरं आली. प्रत्येक घर कुणी बांधलं, कधी बांधलं, सगळं ते सांगत गेले. हरीशकाका निळा आकडा एका रेघेने खोडून शेजारी लाल लिहीत गेले आणि प्रत्येक वेळी विचारत गेले, "बरोबर ना?" शेवटी कारेलकाका म्हणाले, "मी शाळेत जायला लागलो त्या वर्षी आन्नाच्या सासऱ्याने घर बांधलं. त्याच्यानंतर फक्त दोन. म्हणजे एक्केचाळीस."

एक्केचाळीस नंबरवरून पंधरा दिवसांत उत्तर आलं. आन्ना जिवंत होती.

ऑगस्टमध्ये हरीशकाका त्यांना घेऊन गेले. मलाही नेलं, नळकांड्यात घालून. घंटा होती, झाडं होती. दारात एक म्हातारी उभी होती. ती धावत आली आणि कारेलकाकांना बिलगली. त्यांनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. मग मागे वळून म्हणाले, "हरीश, ती कशी दिसते? आहे तसं सांगा. काही सुधारू नका."

हरीशकाका रडत होते, पण त्यांनी सांगितलं. "केस सगळे पांढरे आहेत. पुढचे दोन दात नाहीत. नाक तुमच्यासारखंच, मोठं. ॲप्रनला पीठ लागलंय. आणि ती तुमच्याकडे बघून हसतेय."

कारेलकाका तिथेच राहिले. निघताना त्यांनी मला मीनलताईसाठी परत पाठवलं, म्हणून मी इथे तुमच्यासमोर आहे. मित्रांनो, मला धूळ लागू देऊ नका, ओल्या हाताने धरू नका, हे तर आहेच. पण ते निळे आकडे कुणी पुसायला जाऊ नका. हरीशकाकांनीच ते ठेवायला सांगितलेत. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं काही चुकलंय असं वाटलं, तर आधी त्याला विचारा. हरीशकाकांनी त्या रविवारी विचारलं असतं, तर कारेलकाकांनी आन्नाला डोळ्यांनी पाहिलं असतं.