बैलाएवढी लॉरी

"साहेब, ह्या नळकांड्यातून गंगम्माच्या चुलीवरची भाकरी दिसती का हो?"

विचारलं एकदाचं! मागं बाभळीआड ताहेरा आणि गंगम्मा खिदळत होत्या. पैज त्यांचीच. सोलापूरचे एक फोटोवाले साहेब आमच्या जळकोटच्या माळावर पालथे पडलेत, दम असेल तर त्यांना हे विचारून दाखव. दम माझ्यात लई. नववीत गेल्यापासून तर उतू चाललाय.

आयुबसाहेब रागावले नाहीत. म्हणाले, "भाकरी नाही, पण धूर दिसेल. बघ."

कॅमेऱ्याच्या तोंडाला हातभर लांब भिंगाची नळी होती. मी डोळा लावला आणि ओढ्यापलीकडची शेळी एकदम नाकापुढं आली! कानातलं गोचीड तेवढं दिसायचं राहिलं. डोळा काढला, शेळी पळाली. लावला, आली. मी आपली काढतेय, लावतेय. शेवटी साहेबच म्हणाले, "आता बास. मला माळढोकाचा फोटो हवाय. पण मी जरा सरकलो की तो चालायला लागतो."

"पायी माणूस दिसला की तो जाणारच," मी म्हटलं. "बैलगाडीला न्हाय भीत. आमी कडबा नेतो तवा पार चाकाजवळ चरत असतो. मी पल्याडनं हळूहळू गाडी आणते, तो तुमच्याकडं सरकंल."

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, गाडी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच हाकली, ताहेरा आणि गंगम्मा बाभळीआडून बघत होत्या. माळढोक मान ताठ करून साहेबांच्या दिशेनं चार पावलं अगदी शहाण्यासारखा चालला आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, भर्रकन उडाला. साहेब हळहळले, हसले आणि सोलापूरला निघून गेले.

पुढच्या महिन्यात त्यांचं पाकीट आलं. आमचं टपाल पाशामियाँच्या दुकानात पडतं. जाड पाकीट बघून तिथं टेकलेल्या लोकांनी आण्णांना ते तिथंच फोडायला लावलं. आत फोटो. पाखरू नव्हतंच. गाडीवर मी, हातात कासरा, सगळे दात बाहेर. आणि गाडीला रेलून, अगदी माझ्या शेजारी, माझ्याकडं बघत उभा बिरू! बिरू म्हणजे माळावर शेळ्या राखणारा तरणा गडी. सगळ्या दुकानानं तो फोटो हातोहात फिरवून बघितला.

आण्णा घरी आले. फोटो माझ्यापुढं टाकला, पटका खुंटीला अडकवला आणि भिंतीकडं बघूनच बोलले, "उद्यापासनं नळदुर्गला जायचं न्हाय. शाळा बास."

"पण तो ओढ्याच्या पल्याड होता, आण्णा!"

"फोटू काय लबाड बोलतो व्हय?"

"गाडी हाकायची हौस ना तुला?" आई चुलीजवळून म्हणाली. "बस आता घरात, कस्तुरे."

ताहेरा आणि गंगम्मा येऊन सांगून गेल्या, आम्ही तिथंच होतो, बिरू लांब होता. पण मैत्रिणी मैत्रिणीचंच बोलणार, हे आईनं आधीच धरून ठेवलेलं.

सकाळी एस.टी. हॉर्न देऊन माझ्याशिवाय गेली. मला एका जागी बसवेना. अंगण झाडलं, झाडलेलंच पुन्हा झाडलं. भरलेली घागर ओतून परत भरून आणली, तेव्हा आई ओरडली. फोटो उन्हात धरला, सावलीत धरला, उलटा केला. बिरू काही गाडीपासून हलेना. त्याच्याकडं बघून बघून वैताग आला, म्हणून मी फोटोतल्या आपल्या बैलांकडं बघितलं.

आणि आमच्या पवळ्याच्या तोंडाला एक लॉरी चिकटलेली!

मी तशीच मळ्यात पळाले. आण्णा मोटेचा नाडा बघत होते.

"आण्णा, ह्या लॉरीनं पवळ्याला धडक दिली तवा तुम्ही कुठं होता?"

"कसली लॉरी?"

"ही काय. टेकलीय की त्याच्या नाकाला."

"येडी का काय तू? लॉरी हमरस्त्यानं जाती. माळावर कशाला येतीय?"

"मग ही बैलाएवढीच कशी? उमरग्याकडं जाणाऱ्या लॉऱ्या एवढ्याशाच असतात व्हय?"

आण्णा निजामाच्या वेळी उर्दूत चौथी शिकलेले. फोटो त्यांनी डोळ्याजवळ नेला, लांब धरला, लॉरीवर अंगठा ठेवला, काढला. मग दूर हमरस्त्याकडं बघितलं. एक लॉरी चालली होती, काड्यापेटीएवढी.

"ते नळकांडं लांबचं ओढून जवळ आणतंय," मी म्हटलं. "लॉरी आणली, तसा बिरूबी आणला. म्या सोता डोळा लावून बघितलंय."

आण्णांनी फोटो माझ्या हातात परत ठेवला. मग हळूच म्हणाले, "मला कळलं गं, पोरी. पण दुकानातल्या माणसांची तोंडं कोण धरणार? चार महिने गप बस घरात. विसरतील लोक."

विसरतील! आणि तोवर माझं वर्ष?

दिवसभर मी काही बोलले नाही. मला हे जमतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. आई दोनदा कपाळाला हात लावून बघून गेली. संध्याकाळी दोघं जेवायला बसले, तसं मी दप्तर आणून त्यांच्यापुढं ठेवलं आणि फोटो भूगोलाच्या पुस्तकात घातला.

"आण्णा, आई, ऐका. लोक विसरायची वाट मी बघणार न्हाय. उद्या एस.टी.च्या आधी मी पाशामियाँच्या दुकानात जाणार. फोटो तिथं मधोमध ठेवणार आणि सगळ्यांना विचारणार, आमच्या पवळ्याला धडकलेली ही लॉरी कुणाची? ते हसले, की मग बिरूवर बोट ठेवणार. आणि तिथनंच शाळेला जाणार."