तळाला साल्वू

माल्टातल्या कालकाराच्या आरमारी कबरस्तानात जिरोल्मा वर्षातून एकदा यायची, मृतात्म्यांच्या दिवशी. यंदा मात्र ती नुसती रडायला आली नव्हती. शालीखाली तिने आपली कापलेली वेणी आणि स्वयंपाकघरातला लोखंडी चमचा लपवून आणला होता.

तिचा लेक साल्वू इंग्रजांच्या जहाजावर आचारी होता. माल्टाच्या बंदरावर बॉम्ब पडले तेव्हा चुलीपाशीच त्याचा जीव गेला. लढाई संपली तशी त्याला घरच्या कबरीत न्यायचं म्हणून जिरोल्माने चपला झिजवल्या. उत्तर एकच: इथल्या कबरीत त्याच्यासोबत आणखी दोघे आहेत, ती उघडता येणार नाही. मग मला तिथे पुरा, म्हणाली. तेव्हा राखणदार नेनूने तोंडावर सांगितलं, त्यासाठी आधी आरमारात भरती व्हावं लागेल. मेल्याची जीभ झडो! पण खरं तेच होतं. आता तर तिच्या दुखण्यापुढे डॉक्टरनेही हात टेकले होते. आपण नाही तर निदान वेणी तरी लेकाजवळ जावी, एवढाच तिचा हट्ट उरला होता.

मुलगी कार्मेना आडोसा धरून उभी राहिली. जिरोल्मा गुडघे टेकून उकरू लागली. चार बोटं माती निघाली आणि चमचा खडकावर खणकन आपटला. जरा बाजूला उकरलं, तिथेही खडक.

आवाजाने नेनू आला. आला होता रागवायलाच, पण वेणी पाहून त्याने टोपी काढली.

"सगळा खडकच आहे, मावशी. एकेक खड्डा फोडताना जीव जायचा. म्हणून तर तिघांना एकात घातलं."

"शेजारी शेजारी ना?"

नेनू घुटमळला. "एकावर एक. साल्वू तळाला."

इतकी वर्षं तिला वाटायचं, पोरगा दोघांच्या मधे उबेत झोपलाय. आणि तो होता दोघांचं ओझं छातीवर घेऊन. जिरोल्माचाच श्वास कोंडला.

"सगळ्यात वर कोण?"

कार्मेनाने दगडावरचं पहिलं नाव वाचलं. "डॉयल."

जिरोल्माने वेणी उकरलेल्या जागी ठेवली, वर माती लोटली आणि ओणवी होऊन तोंड जमिनीशी नेलं.

"डॉयल, बाळा, एवढं खाली दे. साल्वूला दे."

"मा, त्याला आपली भाषा कुठे कळणार?"

जिरोल्मा अडली. गोऱ्या खलाशांचे कपडे धुताना कानावर पडलेला एक शब्द तिला येत होता.

"प्लीज," ती म्हणाली.