यंत्राचं कपाळ

मित्रांनो, मी ग्रामपंचायतीच्या कचेरीतला एक प्रिंटर आहे. वयानं फार जुना नाही. पण चहाच्या वाफेनं आणि लोकांच्या बोटांनी अंगाचा पांढरा रंग पिवळट झाला आहे, तेव्हा मला जुन्यांत धरायला हरकत नाही. मी छापतो, नक्कल काढतो, कागद वाचून संगणकात पाठवतो. इतकं करूनही गावात माझं नाव एकच, झेरॉक्स. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते माझ्या पहिल्या दिवसाचं. तो दिवस आठवला की आजही माझ्या पोटात कागद अडकतो.

माझा जन्म कुठं झाला ते खोक्यावर छापलेलं होतं. पण ते खोकं रामहरीनं त्याच दिवशी कोंबड्यांसाठी घरी नेलं. सावेडीच्या दुकानातून मी टेम्पोनं निघालो आणि देवळाली प्रवऱ्याच्या पुढं, उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत, या गावात पोचलो. रामहरी म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. त्यानं मला पोटाशी धरून उंबरा ओलांडला. सरपंच सविताताई दारातच म्हणाल्या, "जपून आण रे. दोन सभा भांडून मिळवलाय."

संगणकावर बसणाऱ्या ज्ञानेश्वरनं माझी जोडणी सुरू केली. सोबत आलेलं माहितीपुस्तक त्यानं आधी ड्रॉवरमध्ये टाकलं. शिकलेला माणूस पुस्तक अडल्याशिवाय उघडत नाही. हा हिशेब मी पुढं पुष्कळांच्या बाबतीत जुळताना पाहिला. तरी काम त्यानं नेटानं केलं. नारिंगी चिकटपट्ट्या एकेक करून सोलल्या. टोनरचा डबा आडवा धरून हलवला आणि खट्‌कन बसवला. कागदांच्या कडा सारख्या करून ट्रे भरला, वायर जोडली, पडद्यावर भाषा आणि तारीख निवडली. माझ्या पोटात घरघर झाली आणि चाचणीचा पहिला कागद बाहेर आला. अगदी स्वच्छ. तो हातोहात फिरला. मी आतून फुगलो.

सगळे तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण रामहरी नारळ आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभा होता. त्यानं मला चहूबाजूंनी न्याहाळलं.

"ज्ञानबा, याचं कपाळ कुठं हाय?"

"प्रिंटरला कसलं कपाळ, रामहरीभाऊ?"

"ट्रॅक्टरला बॉनेट असतं. पिठाच्या गिरनीलाबी तोंड असतं. याला काय सगळी पाठच दिलीया?"

त्यानं माझं झाकण वर केलं. खाली काच, आणि काचेच्या कोपऱ्यापाशी, कागद कुठं टेकवायचा ते दाखवणारा एक बारीक बाण. रामहरीचा चेहरा उजळला. "हे बघ. कंपनीनं खूनच करून दिलीया." आणि त्यानं बाणाच्या टोकासमोर, थेट काचेवर, ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. तेव्हा सविताताई नारळ फोडत होत्या आणि पाणी माझ्यावर सांडू नये म्हणून ज्ञानेश्वर पातेलं धरण्यात गुंतला होता. झाकण लागलं, पेढे वाटले गेले, तोवर टिळा वाळला. खोटं कशाला बोलू, मला तो टिळा आवडला होता.

माझ्याकडं पहिलं खरं काम आलं ते लंकाबाईंचं. त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले होते आणि मागंपुढं कुणी नव्हतं. निराधारांच्या पगाराचा अर्ज द्यायची ती शेवटची तारीख होती. आधारकार्डाची नक्कल जोडायची, सविताताईंची सही घ्यायची आणि एसटीनं तालुक्याला जायचं. एसटी चुकली की अर्ज गेला, आणि मग पगार कधी लागणार, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

"मुहूर्त तुमच्याच हातचा, मावशी," म्हणत ज्ञानेश्वरनं डोळे पडद्यावरच ठेवून झाकण बोटभर उचललं, हाताच्या अंदाजानं कार्ड बाणाच्या कोपऱ्यात सरकवलं आणि बटण दाबलं.

कागद बाहेर आला. फोटोतल्या लंकाबाईंच्या कपाळावर काळाभोर टिळा होता.

पेढ्यासाठी रेंगाळलेले सदस्य कल्याणराव कागदात डोकावले. "लंकामावशे, मालक म्हागारी आले का काय? आमाला कळवलं न्हाईस."

लोक हसले. फुकटचा पेढा आणि दुसऱ्याची फजिती एकाच वेळी मिळाली तर माणसं कोणतंच सोडत नाहीत. लंकाबाईंचा हात आपसूक कपाळाकडं गेला आणि तसाच खाली आला.

"हा कागद तालुक्याच्या कचेरीत चालणार नाही," सविताताई म्हणाल्या. "वर निराधार लिहिलंय आणि खाली कुंकू? दुसरा काढ."

दुसरा काढला. टिळा होताच. ज्ञानेश्वरनं टोनर उपसून हलवला. पुन्हा टिळा.

"पीसच खराब लागलाय," रामहरी म्हणाला. "म्या आधीच म्हनत हुतो." तो असं काहीच म्हणाला नव्हता.

"हे मशीन मावशीचं लगीन लावूनच ऱ्हातंय," कल्याणराव म्हणाले.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. माझ्या पडद्यावर फक्त 'तयार' एवढंच उमटतं. एका बाईच्या आयुष्यातनं पुसली गेलेली गोष्ट मी भर कचेरीत पुन्हा पुन्हा छापत होतो, आणि पडदा सांगत होता, तयार. दोष कुणाचाही असो, कागद माझ्याच तोंडातून येत होते. वीज गेली तर बरं, असं मला वाटलं. नेमकी तेव्हा ती जात नाही.

शेवटी लंकाबाई उठल्या. "सरका जरा," म्हणाल्या. त्यांनी स्वतः माझं झाकण उचललं, कार्ड काढलं आणि काचेकडं पाहत राहिल्या.

"हे कुनी लावलं?"

रामहरी ताटातल्या नारळाकडं बघत म्हणाला, "मशिनीला लावलं हुतं, वहिनी. तुमाला न्हाई."

ज्ञानेश्वर फडकं शोधायला धावला. लंकाबाईंनी त्याला हातानंच थांबवलं आणि तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं.

"ऱ्हाऊ दे, बाबा. कुंकू पुसायचं मला काय नवं हाय का?"

आता कुणी हसलं नाही. कल्याणरावांनी उष्टा पेढा तसाच मुठीत धरला. लंकाबाई काच पुसत होत्या, अगदी हलक्या हातानं, जणू मला दुखेल.

पुढचा कागद स्वच्छ निघाला. सविताताईंनी मान वर न करता सही केली. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, तसा रामहरी गाडी थांबवायला अनवाणीच पळाला. ज्ञानेश्वर वाया गेलेले कागद चुरगाळायला लागला, तर लंकाबाई म्हणाल्या, "त्यातला एक दे मला."

"मावशी, ते बिघडलेत."

"असू दे. कचेरीत न्हाई दावायचा." अर्ज पिशवीत गेला. टिळ्याच्या कागदाची त्यांनी बारीक घडी केली आणि ती कनवटीला लावली.

अर्ज मंजूर झाला. त्या कागदाचं त्यांनी काय केलं ते मला ठाऊक नाही. विचारायला मला तोंड नाही, आणि असतं तरी विचारलं नसतं.

आता दर खंडेनवमीला रामहरी ताट घेऊन फिरतो. संगणकाला कुंकू लावतो, कपाटाला लावतो. माझ्यापाशी आलं की त्याचं बोट अडतं, आणि झेंडूचं एक फूल ठेवून तो पुढं सरकतो. शेजारचे सगळे नटलेले आणि आपलं तेवढं कपाळ कोरं, हे कसं असतं ते मी आता जाणतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. नवं यंत्र आणाल तेव्हा आधी पुस्तक वाचा, पट्ट्या सोला, काच पुसा. आणि कागदावर कुणाची फजिती उमटलेली दिसली, तर हसायच्या आधी एकदा झाकण उघडून बघा. डाग बहुतेक वेळा काचेवरच असतो.