भरतीला या, साहेब

मुर्ध्याच्या मिठागरावर बिल्डरने पाठवलेल्या तज्ज्ञ साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘पक्षी आढळले नाहीत.’

नऊ वर्षं मी दर रविवारी इथे पक्ष्यांची नोंद करतेय. म्हटलं, “साहेब, तुम्ही ओहोटीला आलात. आत्ता सगळे खाडीच्या चिखलात चरतायत. भरती आली की इथे येतील.”

“मॅडम, माझं काम झालंय.”

“माझं नाही झालं.” बांधावर त्यांच्या गाडीसमोर मी फतकल मारून बसले.

दोन तास ते फोनवर माझी तक्रार करत होते. मग खाडी भरली आणि शेकाटे, चिखल्या असे पाणपक्षी थव्याथव्याने उतरले. पक्ष्यांच्या गर्दीत मिठागरातलं पाणी दिसेना.

मी दुर्बीण त्यांच्या गळ्यात अडकवली.

“मोजा. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून.”