डाव्या हाताची मूठ

दसऱ्याच्या दिवशी दुपारी योगेश्वरीनं पूजेतलं पिस्तूल उचललं आणि तिचं डोकंच फिरलं. पिस्तूल गोंदियाच्या क्लबचं, पण त्याची लाकडी मूठ तिची स्वतःची होती. ती मूठ आता तिची राहिली नव्हती.

तिरोड्याजवळच्या त्या घरात दसऱ्याला शस्त्रं मांडायची पद्धत जुनीच. पूर्वजांनी माळव्यातून आणली म्हणतात ती गंजकी तलवार, आणि ती एकटी बरी दिसत नाही म्हणून सोबत कुऱ्हाड, विळे, लाकूड तासायचा वासला, नांगराचा फाळ. यंदा बापानं, म्हणजे उदेलालनं, मधोमध पाट टाकून त्यावर लेकीचं एअर पिस्तूल ठेवलं होतं. हळद, कुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत. सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सकाळपासून सांगणं चाललं होतं, "आमची योगेश्वरी नेमबाज हाय. परवा नागपूरले मॅच हाय तिची." तिनं ते चुलीपाशी बसून ऐकलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच घरात कोणी त्या पिस्तुलाचं नाव कौतुकानं घेत होतं.

कौतुक कसलं, डोंबलाचं. मुठीला जवसाचं तेल चोपडलेलं होतं. तळहात टेकतो तिथला फुगवटा कानशीनं घासून सपाट केला होता. अंगठ्याच्या खाचेची कड उडवली होती. आणि खालची पट्टी, जिच्यावर हाताची कड टेकली की मनगट हलत नाही, ती पार तासून काढली होती.

"हे कोणं केलं?"

"मी केलं," उदेलाल पान लावता लावता म्हणाला. गावातल्या निम्म्या कुऱ्हाडींचे दांडे त्याच्या हातचे होते, आणि तो रुबाब त्याच्या आवाजात होता. "त्या सुतारानं वाकडी मूठ बनवून देल्ली होती तुले. भैयाजीनं धरून पाह्यली, टिकारामनं पाह्यली, मी पाह्यली. कोणाच्याच हातात बसे ना. मंग बसलो सकाळी अन् सरळ करून टाकली. धर आता, कशी मऊ झाली ते पाह्य."

"कोणत्या हातानं धरून पाह्यली?"

"कोणत्या म्हंजे? उजव्या. पिस्तूल का डाव्या हातानं धरतेत?"

"मी डाव्या हातानं धरते, बाबूजी. तीन वर्सं झाली."

उदेलालचा पानावरचा हात थांबला. ओसरीवर बसलेले शेजारचे भैयाजी आणि टिकाराम एकमेकांकडे बघू लागले.

तिचं जेवणं उजव्या हातानं, लिहिणं उजव्या हातानं. डावा हात त्या घरात लहानपणीच बंद झाला होता. पण क्लबच्या सरांनी पहिल्याच दिवशी कागदाला भोक पाडून तिला त्यातून बघायला लावलं आणि सांगितलं, तुझा नेम धरणारा खरा डोळा डावा आहे, तेव्हा पिस्तूलही डाव्या हातात. तेव्हापासून ती रोज यादोरावच्या बंद पडलेल्या राईस मिलमध्ये, भिंतीपासून दहा मीटर मोजून, डाव्या हातानं छर्रे मारत होती. ती मिल घरापासून दोन बांध्या, म्हणजे धानाची दोन शेतं, पलीकडे. उदेलाल रोज मिलवरून बैल घेऊन जायचा. छर्ऱ्यांचा टकटक आवाज ऐकायचा. आत डोकावायला काय पैसे पडत होते?

"सणासुदीले कायले तोंड सोडून राहिलीस?" आई, सुमित्राबाई, मध्ये पडली. "बाबूजीनं मायेनंच केलं न."

"माया करायच्या आधी एक डाव विचारता आलं असतं. मी का मेली होती? चुलीपाशीच होती न मी."

मागच्या वर्षी चारशेपैकी तीनशे अठ्ठेचाळीस गुण झाले होते; राज्याच्या स्पर्धेत जायला साडेतीनशे लागत. दोन गुणांनी गेलं. यंदाही नाही झालं तर पिस्तूल परत, असं क्लबनं स्पष्ट सांगितलं होतं. रांगेत दुसरी पोरं होती. आणि मॅच परवावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती सालेकशाला निघाली. उदेलाल न बोलावता मागोमाग आला आणि समोरच्या बाकावर बसला. आमगावला त्यानं चहा पुढे केला, तो तिनं खिडकीत ठेवला आणि तिथंच थंड होऊ दिला.

तिथल्या लालसिंग सुतारानं ती मूठ बनवली होती. तिच्या डाव्या हाताचा ओल्या मातीत ठसा घेऊन, तीनदा बोलावून, एकेका बोटाची जागा बघून. त्यानं मूठ हातात घेतली आणि नाकाशी नेली.

"जवस?"

"हो," ती म्हणाली.

"मंग गेली ही. भुसा अन् सरेस भरून फुगवटा परत उभा केला असता, पन तेल पेलेल्या लाकडावर काईच चिकटत नाई." त्यानं उदेलालकडे पाहिलं. "कोणं केलं?"

"माह्या हातून झालं," उदेलाल म्हणाला. "औजार द्या, मी बनवतो दुसरी. माहा हात चालते लाकडावर."

"कोणाच्या हाताच्या मापानं बनवसान?" लालसिंगनं शांतपणे विचारलं.

शिवणीच्या लाकडाचा एक वाळलेला तुकडा लालसिंगकडे निघाला. त्यानं मातीचा जुना ठसा फळीवरून खाली काढला आणि कामाला बसला. उदेलाल दिवसभर लाकूड धरायला, चुरा झटकायला समोर होता. मधूनच त्याची नजर त्या ठशाकडे जायची, डाव्या हाताची पाच बोटं, आणि तो मान वळवायचा. योगेश्वरीला ते दिसत होतं. तिला त्याची अजिबात दया आली नाही.

संध्याकाळच्या गाडीआधी मूठ झाली, पण खडबडीत.

"घासाले टाइम नाई," लालसिंग म्हणाला. "हाताले फोड येतीन."

"येऊ द्या."

नागपूरला तपासणीच्या टेबलावर पिस्तूल मापाच्या पेटीत घालून बघितलं. नवी मूठ जेमतेम बसली. ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन टांगलं, तेही चाप न सुटता पिस्तुलानं उचललं. मग चाळीस गोळ्या. विसाव्या गोळीला अंगठ्याच्या बुडाशी फोड आला, तिसाव्याला फुटला. प्रत्येक वेळी मूठ धरली की आग व्हायची, आणि प्रत्येक वेळी तिला कानस आठवायची. रागात नेम लागत नाही, असं सर नेहमी म्हणत. म्हणून ती हात खाली करायची, राग गिळायची, आणि पुन्हा हात उचलायची. एका गोळीला तिनं तीनदा हात खाली केला.

मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर उदेलाल बसला होता. लेकीला नेम धरताना तो पहिल्यांदाच बघत होता.

तीनशे एक्कावन्न झाले.

आकडा लागल्यावर शेजारच्या खुर्चीवरचे एक पालक उठले आणि त्यांनी उदेलालचा हात हातात घेतला. "अभिनंदन. मुलगी डावरी आहे का तुमची?"

"हो जी," उदेलाल हसत म्हणाला. छाती फुगली होती त्याची. "लहानपणापासूनच."

योगेश्वरी पिस्तूल पेटीत ठेवत होती. ती थांबली. मग त्यांच्याकडे वळली. आवाज मात्र तिनं चढवला नाही.

"बरोबर हाय," ती त्या गृहस्थांना म्हणाली. "लहानपणापासूनच. जेवाले बसली का बाबूजी माहा हा हात वासराच्या दाव्यानं खाटेच्या पायाले बांधत. दोन वर्सं बांधला. सांगा न बाबूजी त्याहिले, तेही सांगा."

त्या गृहस्थांनी उदेलालचा हात सोडला, काहीतरी पुटपुटले आणि आपल्या पोराकडे निघून गेले. उदेलालचा हात तसाच पुढे राहिला होता. योगेश्वरीनं पेटीचं झाकण लावलं, फुटलेल्या फोडावर रुमाल गुंडाळला, आणि डाव्या हातानंच पेटी उचलून दाराकडे चालू लागली.